एका सेमिस्टरची मोहीम

‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळप्रवासाचा रोल-प्लेइंग गेम १९७७ साली आला, तोही अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या विद्यापीठाच्या गावातून. एका डब्यात तीन लहान काळ्या पुस्तिका, बाकी सगळं खेळणाऱ्यांच्या डोक्यात. या खेळात आपलं पात्र तयार करायचं म्हणजे आधी त्याचं निम्मं आयुष्य काढायचं. अठराव्या वर्षी ते नौदलात, सैन्यात, व्यापारी जहाजावर, कुठेतरी लागतं. मग चार-चार वर्षांच्या मुदती. प्रत्येक मुदतीला फासे टाकून बघायचं: जिवंत राहिलं का, बढती मिळाली का, पुढची मुदत देतायत का. जितक्या मुदती जास्त, तितकी कौशल्यं जास्त. पण चौतिसाव्या वर्षापासून हिशेब फिरतो. तिथून पुढे प्रत्येक मुदतीअखेर शक्ती, चपळाई आणि दम यांच्यासाठी वयाचे फासे पडतात आणि आकडे उतरू लागतात. मूळ नियमांत पात्र नोकरीतच मरूही शकायचं. मग नवा कागद घेऊन पहिल्यापासून सुरुवात. जे तगतं ते बऱ्याचदा मध्यमवयात सेवेतून बाहेर पडतं. कुणाच्या हातात थोडी रक्कम, कुणाच्या हातात हप्ते बाकी असलेलं जहाज. आणि खरा खेळ तिथून सुरू होतो.

विद्यापीठाच्या गावात राहून चाळिशी-पन्नाशीत रोल-प्लेइंगच्या छंदाकडे वळणाऱ्याला सगळ्यात आधी मी हे सांगेन. हा पोरासोरांचा खेळ आहे, आपल्याला आता कसा जमायचा, ही शंका बहुतेकांना असते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) हा या प्रकारातला पहिला खेळ १९७४ मध्ये छापून आला तेव्हा त्याचा एक निर्माता गॅरी गायगॅक्स पस्तिशीत होता, संसारी होता आणि त्याआधी विमा कंपनीत नोकरी करून बसला होता. त्याचा जोडीदार डेव्ह आर्नेसन मिनेसोटा विद्यापीठातून इतिहास शिकलेला, सव्वीस वर्षांचा. म्हणजे एका टेबलाभोवती निरनिराळ्या वयाची माणसं बसणं ही या खेळाची पहिल्यापासूनची रीत.

ज्यांनी कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच माणसं बसतात. एकजण गेम मास्टर. तो परिस्थिती सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र सांभाळतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलतात. जिथे निकाल दोन्हीकडे झुकू शकतो तिथे फासे पडतात. शेवटी कुणी जिंकत नाही. गोष्ट पुढे जाते, एवढंच.

नियम पन्नाशीतही शिकता येतात. कल्पनाशक्तीचं म्हणाल तर मुलांना झोपवताना गोष्ट रचणाऱ्या कुणाकडेही ती पुरेशी असते. घोडं अडतं ते वेळेवर. या छंदाभोवती एक जुना आदर्श आहे: वर्षानुवर्षं चालणारी मोहीम, म्हणजे अनेक सेशनांतून पुढे जाणारी एकच गोष्ट, दर आठवड्याला पाच-सहा तास, तीच माणसं. वसतिगृहात राहणाऱ्यांना ते परवडतं. ज्याच्या घरी आजारी आई आहे, बारावीतलं मूल आहे आणि ऑफिसात महिनाअखेर आहे, त्याने तो आदर्श उचलला की तिसऱ्या-चौथ्या सेशनला ग्रुप मोडतो. मोडतानाही भांडण वगैरे होत नाही. तारखा जुळत नाहीत आणि एक दिवस कुणी तारीख विचारायचंच थांबतं.

साधं गणित करून बघा. गेम मास्टर सोडून चार खेळाडू आहेत आणि प्रत्येकजण पाचांतल्या चार तारखांना येऊ शकतो. ‘सगळे असतील तरच खेळू’ असा नियम ठेवला तर सेशन होण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ४१ टक्के. ‘चारांतले तीन आले की खेळायचं’ असं ठरवलं की तीच शक्यता ८२ टक्क्यांवर जाते. सहा तारखा ठरवल्या तर पहिल्या नियमात जेमतेम अडीच सेशन पदरात पडतात, दुसऱ्यात जवळपास पाच. माणसं तीच, त्यांच्या अडचणीही त्याच. म्हणून तारीख आधी ठरवायची, उपस्थितीनुसार हलवायची नाही. एक आड एक गुरुवार म्हणजे गुरुवारच. जो येणार नाही त्याचं पात्र त्या दिवशी तापाने फणफणलंय किंवा घोड्यांपाशी थांबलंय, आणि ते मरणार नाही असा शब्द द्यायचा.

विद्यापीठाच्या गावाचं खरं देणं इथे कामाला येतं. तिथे कॅलेंडर सगळ्यांच्या वतीने आधीच ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या कॉलेज टाउनमध्ये ऑगस्टच्या उत्तरार्धात रस्ते एकाएकी भरतात, भाडेकरार बदलतात, फुटपाथवर जुनी कपाटं आणि गाद्या येऊन पडतात. डिसेंबरच्या मध्याला गाव रिकामं होतं, जानेवारीत पुन्हा भरतं, मे महिन्यात पुन्हा ओसरतं. विद्यार्थी नसलेले लोकसुद्धा, म्हणजे ग्रंथालयातले, दवाखान्यातले, दुकानं चालवणारे, याच तालावर जगतात. सेमिस्टर साधारण पंधरा आठवड्यांचं. पहिला आठवडा गडबडीचा, मध्ये मिडटर्म, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, शेवटी परीक्षा. एवढं वगळून पंधरवड्याला एक धरलं की सहा सेशन उरतात. तीन-तीन तासांची सहा सेशन, म्हणजे अठरा तास. मोहीम एवढीच आखायची. पहिल्या दिवशी सांगून टाकायचं: सहा वेळा भेटू, डिसेंबरात गोष्ट संपेल. मध्यमवयीन माणूस ‘कायमचं’ कबूल करायला कचरतो, ‘सहा गुरुवार’ला सहज हो म्हणतो.

अठरा तासांत एकच प्रश्न मावतो. ‘राज्य वाचवायचं’ हा प्रश्न मावत नाही. ‘हिवाळ्याआधी खिंडीतला पूल कुणाच्या ताब्यात जाईल’ हा मावतो. पहिल्या सेशनला पात्रं पुलावरच असावीत. खानावळीत भेटून एकमेकांची ओळख करून घेण्यात पहिले तीन तास घालवणं ही नव्या गेम मास्टरांची सर्वांत सर्रास चूक. पात्रं एकमेकांना आधीपासून ओळखतात आणि अडचण दारात उभी आहे, इथून सुरुवात करावी. पाचवं सेशन मुद्दाम मोकळं ठेवावं, कारण मधलं एखादं हमखास पसरतं. सहाव्याचा शेवटचा अर्धा तास प्रत्येक पात्राचं पुढे काय झालं ते सांगायला राखावा.

खेळ कुठला घ्यावा? बहुतेकांना नाव माहीत असतं ते डी अँड डीचं आणि टेबलही त्याचीच जास्त मिळतात. त्याच्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा आहे, त्यामुळे विकत काही न घेता सुरुवात करता येते. पात्राच्या सहा गुणांना १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे वाटायचे. नवा माणूस अडखळतो तो इथे: खेळताना हे आकडे वापरायचेच नसतात, त्यांच्यापासून निघणारा छोटा आकडा वापरायचा. १५ आणि १४ ला अधिक दोन, १३ आणि १२ ला अधिक एक, १० ला शून्य, ८ ला उणे एक. छापील कागदावर दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि नवखा खेळाडू फाशात थेट १५ मिळवून मोकळा होतो. उपाय असा की मोठा आकडा पेन्सिलीने बारीक लिहावा आणि छोटा शाईने ठळक.

वीस बाजूंच्या फाशाचा स्वभावही समजून घ्यायला हवा. त्याच्यावर प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेने पडतो, म्हणून तो लहरी वाटतो. फाशाच्या आकड्यात तुमचे एकूण अधिक पाच मिळवून गाठायचे आहेत पंधरा, तर जमण्याची शक्यता ५५ टक्के. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा घेता येतो. मग तीच जवळपास ८० टक्के होते. म्हणून आधी परिस्थिती आपल्या बाजूला वळवावी, मगच फासा उचलावा.

पण पहिल्याच सेमिस्टरला मी दोन साध्या सहाबाजू फाशांचा खेळ सुचवेन. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’पासून या घराण्यातले बरेच खेळ निघाले. दोन फाशांची बेरीज दहा किंवा जास्त आली तर पूर्ण जमलं, सात ते नऊ आली तर जमलं पण किंमत मोजून, सहा किंवा कमी आली तर गेम मास्टर संकट आणतो. हातात काही अधिक-उणे नसेल तर ही वाटणी छत्तिसात सहा, पंधरा आणि पंधरा. मधला कप्पा एवढा मोठा असल्याने गोष्ट कधी थांबत नाही. ‘नाही जमलं, पुढचा’ असं इथे होत नाही. कुलूप उघडतं, पण पहारेकरी चाहूल घेतो. चाळिशी ओलांडलेल्याला हे पटकन उमगतं, कारण त्याच्या आजवरच्या बऱ्याचशा निर्णयांचा निकाल याच कप्प्यातला असतो.

आता पहिली खेळी. गेम मास्टर विचारतो, “तू काय करतोस?” आणि नवखा माणूस कागदाकडे बघतो. मोबाइलवर जसं बटण शोधतात तसं तो कागदावर शोधत राहतो: ‘दार फोडणे’ कुठे लिहिलंय? कागद उलटा घालायला सांगावा. दोनच गोष्टी बोलायच्या: काय साधायचंय आणि कसं. “मला आवाज न करता आत जायचंय, म्हणून बिजागरीची खिळ काढून बघतो.” एवढं सांगितलं की कुठला फासा, कुठला आकडा, ही गेम मास्टरची जबाबदारी. आवाज बदलून बोलायची सक्ती कुणावर नसते. “ती दार ढकलते आणि आत कोण आहे ते बघते” असं तृतीय पुरुषात सांगणं तितकंच खरं खेळणं आहे. अभिनयाची लाज वाटते म्हणून पहिल्या सेशननंतर फिरकत नाहीत अशी माणसं असतात; त्यांना हे आधी कळायला हवं.

पहिल्या सेमिस्टरची गोष्ट कुठे घडवावी याला एक सुंदर उत्तर या छंदाच्या जन्मकथेतच आहे. १९६९ मध्ये मिनेसोटातल्या ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत, डेव्ह वेझली या युद्धखेळांच्या शौकिनाने नेपोलियनच्या काळातली एक लढाई टेबलावर मांडली. ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, दोन्हीकडून सैन्य चालून येतंय. खेळायला अपेक्षेपेक्षा खूपच जास्त लोक आले. मग उरलेल्यांना त्याने गावातली माणसं वाटून दिली: नगराध्यक्ष, बँकर, विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाचा हेतू वेगळा. लोक बाजूला जाऊन गुपचूप बोलू लागले, दोघांनी एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं, त्यासाठी नियमच नव्हता, आणि सैन्याची लढाई राहिली बाजूला. वेझलीला वाटलं, सगळं फसलं. खेळणाऱ्यांनी पुन्हा कधी म्हणून विचारलं. आर्नेसन त्याच कंपूतला. म्हणजे रोल-प्लेइंगचा पूर्वज एका विद्यापीठाच्या गावातच घडतो.

तेच आजही करता येतं. गावाचा नकाशा एका पानाचा: घंटाघर, ग्रंथालय, वसतिगृहं, नदी, जुनी वस्ती. पदवीदानाच्या आदल्या रात्री ग्रंथालयातून एक हस्तलिखित गायब झालंय. पाच पात्रं: ग्रंथपाल, शिष्यवृत्ती संपत आलेला संशोधक, घरमालकीण, रात्रीचा पहारेकरी, विद्यार्थी संघटनेची पुढारी. प्रत्येकाच्या कार्डावर तीन ओळी, त्याहून जास्त नकोत: हवंय काय, लपवलंय काय, आणि टेबलावरच्या दुसऱ्या एका पात्राशी नातं काय. नातं एकमेकांच्या समोर बसणाऱ्यांत ठेवावं. शेजाऱ्यांत ठेवलं की ते दोघं आपापसात कुजबुजतात आणि बाकीचे बघत बसतात.

शोधाच्या गोष्टीत नेमकं काय बिघडतं? गेम मास्टर ठरवतो की मेजाच्या खणात चिठ्ठी आहे आणि ती मिळायला फासा टाकायचा. फासा वाईट पडतो, चिठ्ठी मिळत नाही, आणि पुढचा पाऊण तास पाच मोठी माणसं कोऱ्या चेहऱ्याने बसतात. म्हणून खण उघडला की चिठ्ठी मिळणार, हे ठरलेलं. फासा ठरवेल ते एवढंच की किती वेळ गेला, कुणाला चाहूल लागली, चिठ्ठी अखंड आहे की अर्धी जळकी. शिवाय पात्रांनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्याच्यासाठी तीन वेगवेगळे धागे तीन वेगवेगळ्या ठिकाणी पेरावेत. एक त्यांच्या हातून सुटेल, एकाचा अर्थ ते भलताच लावतील, तिसऱ्यावर गाडी रुळावर येईल.

मध्यमवयीन टेबलाचं एक खास दुखणं म्हणजे नियोजन. आयुष्यभर जोखीम टाळायची सवय लागलेली माणसं एका बंद दारासमोर अर्धा-अर्धा तास बैठक भरवतात. दोर किती, परतीची वाट कुठली, दार खोटं असेल तर? विशीतली मुलं तोवर मोबाइल काढतात. यावर २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने काढलेला तोडगा मला फार आवडतो. तयारी आधी खेळायचीच नाही. थेट कामगिरीच्या मध्यावर सुरुवात करायची. अडचण समोर आली की खेळाडू म्हणू शकतो, “मी काल या पहारेकऱ्याला पैसे चारले होते,” आणि तो प्रसंग मागे जाऊन घडवला जातो. तयारी जितकी अवघड, तितका पात्रावर ताण जास्त. दुसऱ्या कुठल्या खेळातही हा नियम सहज बसवता येतो. तेवढं नको असेल तर वाळूचं घड्याळ ठेवावं: पाच मिनिटं, मग कुणीतरी दाराला हात लावायचा.

लढाईतही वेळ असाच गळतो. चार खेळाडू आणि गेम मास्टर, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे एक फेरी पंधरा मिनिटांची, आणि डी अँड डीत ती फेरी असते सहा सेकंदांची. चार फेऱ्यांत तास संपतो. वार आणि इजा यांचे फासे एकदमच टाकावेत, आणि ज्याची पाळी चालू आहे त्याच्याबरोबर ‘तुझ्यानंतर अमुक’ असं नाव घ्यावं. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

डोळ्यांचा विषय टाळून चालत नाही. दुकानात मिळणारे सुंदर पारदर्शक फासे, आत चकाकी, वर सोनेरी आकडे, चाळिशीनंतर रात्रीच्या दिव्यात वाचता येत नाहीत. गडद अपारदर्शक फासा, पांढरे आकडे, आणि वीसबाजू फासा तरी नेहमीपेक्षा मोठा घ्यावा. सहा आणि नऊखाली रेघ किंवा टिंब आहे ना, पाहावं. सात फाशांच्या संचात आठबाजू आणि दहाबाजू सारखेच दिसतात. दहाबाजू दुसऱ्या रंगाचा घेतला की चाचपडणं थांबतं. पात्राचा कागद मोठ्या अक्षरात, निदान चौदा पॉइंटमध्ये, पुन्हा छापून घ्यावा. दिवा टेबलाच्या डोक्यावर हवा. टेबल शक्यतो गोल, चारेक फूट व्यासाचं. लांबट टेबलाची दोन टोकं दोन गप्पा सुरू करतात. ऐकू कमी येत असेल तर पाठ भिंतीकडे करून बसावं, आणि सार्वजनिक जागेपेक्षा ग्रंथालयातली दार लावता येणारी खोली बरी. प्रत्येकासमोर घडी घातलेलं कार्ड, त्यावर पात्राचं नाव ठळक आणि चटकन दिसणारी एक खूण: ‘तुटका चष्मा’, ‘नदीच्या वासाची’. पाच नवी नावं लक्षात ठेवायचा ताण जातो.

वयाच्या मिश्रणाबद्दल मात्र सबुरीने बोलायला हवं. एकोणीस वर्षांची मुलगी आणि बावन्न वर्षांचा गृहस्थ एका टेबलावर बसतात तेव्हा मोठ्याचा आवाज आपोआप वर चढतो. तो सुचवतो, बाकीचे मान्य करतात, आणि त्याला ते जाणवतही नाही. मोठ्याने आपल्या पात्राला मुद्दाम दुय्यम जागा द्यावी: नोकर, शिकाऊ, आदेश घेणारा शिपाई. मराठीत खेळत असाल तर पात्रं एकमेकांना काय म्हणतील ते पहिल्या दिवशीच ठरवून टाका. तिचं पात्र कप्तान असेल तर ती त्या काकांच्या पात्राला ‘ए, दोर टाक’ म्हणणार आणि ते ‘हो, कप्तान’ म्हणणार. खुर्चीतून उठलं की पुन्हा काका. याच पहिल्या बैठकीत, जिला सेशन झीरो म्हणतात, कुठले विषय टेबलावर अजिबात यायचे नाहीत आणि कुठले आले तरी पडद्याआड राहायचे तेही लिहून घ्यावं. मध्यभागी एक्स लिहिलेलं कार्ड ठेवावं. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. आणि त्या सेमिस्टरला ज्या विद्यार्थ्याचे गुण तुमच्या हातात आहेत, त्याच्याबरोबर खेळू नये. त्याला मोकळेपणी ‘नको’ म्हणता येत नाही, मग बाकी सगळी काळजी फुकट जाते.

मे महिना आला की टेबल फुटतं. कुणी पदवी घेऊन जातं, कुणी दुसऱ्या राज्यात नोकरीला लागतं. विद्यापीठाच्या गावात हे टळत नाही आणि टाळायचंही नसतं. गावात राहणारा असतो तो मध्यमवयीन माणूस. म्हणून मला वाटतं, पहिली एक-दोन सेमिस्टर खेळाडू म्हणून काढल्यावर गेम मास्टरची खुर्ची त्यानेच घ्यावी आणि जगाची वही त्याच्याकडे राहावी. वही जाडजूड नको. प्रत्येक सेशननंतर त्याच रात्री चार ओळी: कोण आलं होतं, नकाशात काय बदललं, कुणाला काय वचन दिलं गेलं, कुठला धागा लोंबकळत राहिला. दुसऱ्या दिवसावर ढकललं की तिसरी ओळ विसरते, आणि नेमकी तीच पुढे लागते. निघून गेलेल्यांची पात्रं फाडून टाकायची नाहीत. त्यांच्या कागदावर तारीख घालून ते वहीच्या मागे लावायचे. ऑगस्टमध्ये नवी माणसं येतील, नकाशा तोच असेल, आणि त्यांच्या पात्रांना ग्रंथालयाच्या दारात जी करड्या आवाजाची ग्रंथपाल अडवेल, ती कुणीतरी मागच्या वर्षी सहा गुरुवार खेळलेली असेल.